इमारतीच्या बाजूच्या दहा फुटांत पावसाचं पाणी कसं सांभाळायचं

सोसायटीच्या कमिटीवर नवीन आलात की पहिल्या पावसाळ्यात तीन तक्रारी हमखास येतात. तळमजल्याच्या भिंतीला ओल, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये डबकं, आणि इमारत आणि कंपाउंड वॉल यांच्या मधल्या पट्ट्यात साचलेलं घोटाभर पाणी. मग कुणीतरी सुचवतं, ‘एक शोषखड्डा मारून टाका.’ जेसीबी येतो, खड्डा होतो, खडी भरली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात ओल आणखी वीतभर वर चढलेली असते.

हा लेख त्या अरुंद पट्ट्याबद्दल आहे. आपल्याकडे त्याला साइड मार्जिन म्हणतात. पुण्यातल्या मध्यम उंचीच्या इमारतींना ती बहुधा 3 मीटरच्या आसपास, जुन्या इमारतींना त्याहूनही कमी. त्याच पट्ट्यात पाण्याची लाइन, मैलापाण्याचे चेंबर, विजेची केबल, गॅसची लाइन आणि कुणाची तरी न वापरलेली सायकल असते. इथे पावसाच्या पाण्याची सोय करताना क्रम महत्त्वाचा: पाणी आधी भिंतीपासून दूर न्यायचं, मग त्याचा वेग मारायचा, आणि जमिनीत मुरवायचं ते सर्वांत शेवटी, तेही जागा आणि जमीन परवानगी देत असेल तरच. बहुतेक सोसायट्या शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात.

मी पुण्याच्या हिशेबाने लिहितोय. मुंबई-ठाण्यात पाऊस तिप्पट आहे, आकडे बदला. कोकणातल्या जांभ्यात पाणी वेगळं वागतं, तिथे माझं ऐकू नका.

पायरी पहिली: छत्री घेऊन खाली उतरा

कंत्राटदाराला बोलावण्याआधी एका जोरदार पावसात अर्धा तास इमारतीभोवती चकरा मारा. मे महिन्यातला वळीव मिळाला तर उत्तम, कारण तेव्हा कामाला महिनाभर तरी हातात असतो. मोबाइलवर फोटो काढत चला. बघायचं एवढंच: गच्चीचे पाइप कुठे पडतात, पाणी कुठल्या बाजूला धावतं, कुठे थांबतं, पाऊस थांबल्यावर किती वेळाने उतरतं. शेजारच्या सोसायटीचं पाणी कंपाउंड वॉलच्या भोकातून आपल्याकडे येतंय का, तेही बघा. निम्म्या वेळा दुखणं तिथेच सापडतं.

दुसऱ्या दिवशी कोरडं असताना उतार मोजा. त्याला लेझरचं यंत्र लागत नाही. गवंड्याकडे असते ती पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली, पुरेशी आहे. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, राहिला तर सगळी मापं खोटी. एक टोक जोत्याच्या कोपऱ्यावर धरा, दुसरं कंपाउंड वॉलवर, दोन्हीकडे पाण्याची पातळी पेन्सिलीने आखा आणि त्या रेषेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. भिंतीजवळ 80 सेंटीमीटर आणि कंपाउंडजवळ 77 भरलं, तर जमीन इमारतीकडे 3 सेंटीमीटर उतरते आहे. दर 3 मीटरला अशी एक जोडी मोजत पूर्ण चक्कर मारा आणि आकडे एका कागदावर लिहा. हा कागद पुढे कंत्राटदाराशी बोलताना सोन्यासारखा उपयोगी पडतो.

उलटा उतार इतका सर्रास का असतो, याचं कारण साधं आहे. बांधकामाच्या वेळी पायासाठी खणलेली जागा पायापेक्षा मोठी असते. उरलेली पोकळी मुरुमाने, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा राडारोड्याने, भरतात. नीट धुमस न केलेला हा भराव चार-पाच पावसाळ्यांत बसतो आणि त्यावरचे पेव्हर ब्लॉक भिंतीकडे झुकतात.

पायरी दुसरी: कुठलं पाणी कुठे जातं

आपल्याकडे ‘ड्रेनेज’ म्हटलं की मैलापाणी. पावसाच्या पाण्यासाठी वेगळा शब्द आपण वापरतच नाही आणि त्यातून घोटाळे होतात. कमिटीच्या ठरावात आणि कोटेशनमध्ये ‘पावसाळी लाइन’ आणि ‘मैलापाण्याची लाइन’ असे दोन शब्द ठेवा.

मग नीळ आणा. कपड्यांची नीळ, साधी. गच्चीवरच्या एका तोंडात बादलीभर निळं पाणी सोडा आणि खाली एका माणसाला चेंबरची झाकणं उघडून उभं करा. कुठल्या चेंबरमध्ये निळं पाणी दिसतं ते लिहून घ्या. मग पुढचा पाइप. आमच्या इमारतीला सहा पाइप होते. नकाशाप्रमाणे सहाही पावसाळी लाइनला जोडलेले. प्रत्यक्षात दोन पाइपांची नीळ मैलापाण्याच्या चेंबरमध्ये उतरली आणि एकाची कुठेच दिसली नाही. सहा बादल्या ओतल्या तरी नाही. तो पाइप पेव्हरखाली शिरून सरळ भरावात मोकळा सोडलेला होता, आणि त्याच्या पलीकडच्या भिंतीला चार वर्षं ओल होती. त्या चार वर्षांत भिंतीला तीन वेळा वॉटरप्रूफिंगचा रंग लावून झाला होता.

गच्चीचं पाणी मैलापाण्याच्या लाइनला जोडणं चुकीचं तर आहेच, पण त्याचा त्रासही आपल्यालाच होतो. जोराच्या पावसात ती लाइन भरली की तळमजल्याच्या मोरीतून उलटं पाणी येतं. असा जोड सापडला तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी तो तोडा.

पायरी तिसरी: पाणी किती, याचा अंदाज

हिशेब तोंडी होतो. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. गच्ची 300 चौरस मीटर असेल आणि तासाला 50 मिमीच्या वेगाने पाऊस कोसळत असेल, तर तासाला 15,000 लिटर, म्हणजे मिनिटाला 250. पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण 700 ते 750 मिमी. बाष्पीभवन आणि सांडलवंड सोडून याच गच्चीवरून वर्षाला पावणेदोन लाख लिटरच्या पुढे पाणी खाली येतं. दहा हजारी टँकर धरले तर सतरा-अठरा टँकर. उन्हाळ्यात टँकरची बिलं पास करणाऱ्या कमिटीला हा आकडा सभेत जरूर सांगा.

पण नाली आणि पाइप वर्षाच्या बेरजेवर ठरत नाहीत, ते सर्वांत वाईट अर्ध्या तासावर ठरतात. नॅशनल बिल्डिंग कोडातल्या तक्त्याप्रमाणे 100 मिमी व्यासाचा एक उभा पाइप, तासाला 50 मिमी पाऊस धरला तर सुमारे 85 चौरस मीटर छताला पुरतो. पाऊस 100 मिमी धरला तर सुमारे 42 चौरस मीटरलाच. मुंबईच्या जुन्या पावसाळी गटारांची क्षमता तासाला 25 मिमी धरलेली होती, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिमी पडला. एवढ्या पावसासाठी कुणीच सोसायटीची नाली बांधत नाही. मात्र नाली भरून वाहिली तर पाणी इमारतीकडे न येता फाटकाकडे जाईल, एवढं आपल्या हातात असतं, आणि ते उताराने होतं.

आडव्या पाइपांसाठी एक अंदाज लक्षात ठेवा. 110 मिमीचा पीव्हीसी पाइप मीटरला 1 सेंटीमीटर उतार असेल तर सेकंदाला 8 लिटरच्या आसपास वाहतो. त्याच उताराला 160 मिमीचा पाइप त्याच्या अडीच पटींहून अधिक. किमतीत फरक असतो पण तेवढा नाही, आणि खणाईची मजुरी दोन्हीला तीच. जमिनीखाली जायचा असेल तो पाइप नेहमी मोठा घ्या.

पायरी चौथी: भिंतीलगतचा पहिला मीटर

या एका मीटरमध्ये पाणी मुरू द्यायचं नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक काढा. खाली भराव बसलेला दिसेल. त्यात मुरूम टाकून, पाणी मारून, थराथराने धुमस करा. वर 10 सेंटीमीटर पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट), भिंतीपासून बाहेर जाणारा उतार मीटरला किमान 2 सेंटीमीटर. भिंत आणि काँक्रीट यांच्या सांध्यात गोलाकार वाटा, म्हणजे कोपरा भरणारा सिमेंटचा गोल उतार, करून घ्या, जसा गच्चीवर पॅरापेटच्या कडेला करतात. गवंडी हा सांधा नुसत्या सिमेंटच्या बोटाने भरून मोकळा होतो. उन्हाळ्यात तिथे केसाएवढी भेग पडते आणि पाणी नेमकं तिथूनच उतरतं.

या पट्ट्याची पातळी जोत्याच्या वर कधीही जाऊ देऊ नका. जुन्या पेव्हरवर नवे पेव्हर बसवायची एक घाणेरडी सवय आहे. दोनदा असं झालं की बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या पातळीला येते आणि मग जगातलं कुठलंही रसायन ओल थांबवू शकत नाही.

भिंतीलगत कुंड्यांची रांग, तुळशीवृंदावन, केळीचं आळं असेल तर तेही हलवावं लागेल. यावरून भांडण होणार. तळमजल्याच्या काकूंना आधी विश्वासात घ्या.

पायरी पाचवी: मधली नाली

भिंतीकडून येणारं पाणी पकडायला कंपाउंडच्या बाजूला नाली लागते. ती कंपाउंड वॉलला चिकटवू नका. त्या भिंतीचा पाया उथळ असतो आणि नाली कधीतरी गळणारच. शिवाय पाणी पलीकडे झिरपलं तर शेजाऱ्याशी नवा वाद. भिंतीपासून दीड फूट अलीकडे घ्या.

दोन पर्याय आहेत. उघडी उथळ नाली, कंत्राटदार जिला सॉसर ड्रेन म्हणतात: बशीसारखी, फूट-दीड फूट रुंद, दोन-तीन इंच खोल. यावरून मुलांची सायकल जाते, गाळ दिसतो, झाडू मारता येतो. दुसरा पर्याय जाळी टाकलेली खोल नाली. दिसायला नीट, पण जाळी उचलून साफ करायचा उत्साह दुसऱ्या वर्षी संपतो. माझं मत उघड्या नालीच्या बाजूने आहे. गाडी जाणारा भाग असेल तेवढ्यापुरतीच जाळी, तीही ओतीव लोखंडाची.

नाली जिथे पाइपात शिरते तिथे गाळाचं चेंबर बांधा, 60 बाय 60 सेंटीमीटर. बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड तळापासून एक फूट वर असू द्या म्हणजे माती आणि वाळू खाली बसते. इथे पाणी साचून राहतं, म्हणून झाकणाखाली बारीक जाळी बसवा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत उडायला लागतो.

पायरी सहावी: वेग मारणं

आतापर्यंत जे केलं ते पाणी बाहेर काढण्याचं. इथेच थांबलं तर प्रत्येक सोसायटी आपलं पाणी झटक्यात रस्त्यावर आणि रस्ता ओढ्यात ओततो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर येऊन काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. त्याची कारणं अनेक होती, ओढ्यावरची अतिक्रमणं धरून. पण वरच्या उतारांवरची सगळी जमीन काँक्रीटने झाकली गेली की तेवढ्याच पावसाचं पाणी ओढ्यात आधीपेक्षा लवकर आणि एकदम पोचतं, हेही खरं.

अरुंद जागेत वेग मारायला सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तळ बंद असलेला प्लँटर, म्हणजे बांधीव वाफा. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात इमारतींना खेटून असे वाफे बरीच वर्षं बांधले जातात. गच्चीचा पाइप वाफ्यात पडतो, पाणी मातीतून हळूहळू गाळून खाली येतं आणि तळातल्या भोकांच्या पाइपातून नालीत जातं. तळ आणि बाजू वॉटरप्रूफ असल्यामुळे पायाला थेंबही लागत नाही.

माप कसं काढायचं ते एका पाइपाच्या हिशेबाने बघू. समजा त्या पाइपाला 75 चौरस मीटर गच्ची उतरते. वाफ्याचं क्षेत्र त्याच्या साधारण 6 टक्के धरायचं, म्हणजे साडेचार चौरस मीटर: अडीच फूट रुंद आणि वीस फूट लांब. वाफ्यात वरून खाली असे थर येतात. सगळ्यात वर 15 सेंटीमीटर मोकळी जागा, पाणी तात्पुरतं उभं राहायला. मग 45 सेंटीमीटर माती, पण बागेतली काळी माती अजिबात नको. धुतलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) निम्म्याहून जास्त, बाकी तांबडी माती आणि थोडं चांगलं कुजलेलं खत. त्याखाली बारीक खडीचा दोन इंचांचा थर, म्हणजे माती खाली उतरत नाही. आणि तळाशी 25 सेंटीमीटर 20 मिमीची धुतलेली खडी, तिच्यात भोकं पाडलेला 110 मिमीचा पाइप. पाइपाच्या एका टोकाला उभा तुकडा जोडून तो मातीच्या वर काढा आणि टोपण लावा. चोंदला तर तिथून पाण्याचा फवारा सोडता येतो.

मोकळ्या जागेत पावणेसातशे लिटर मावतात, खडीच्या पोकळीत साडेचारशेच्या आसपास. म्हणजे 75 चौरस मीटरवर पडलेला पहिला 15 मिमी पाऊस वाफा पोटात घेतो आणि काही तासांत सावकाश सोडतो. पुण्यात पावसाळ्यातले बरेचसे दिवस रिमझिमीचे, त्या दिवशी नाली जवळजवळ कोरडी राहते. त्याहून मोठ्या सरीसाठी वाफ्याला सांडपाइप हवा, मातीच्या पृष्ठभागापासून 15 सेंटीमीटर उंचीवर तोंड असलेला, तोही 110 मिमीचा, वर जाळीची टोपी.

बांधताना दोन गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवा. वाफ्याला स्वतःची चौथी भिंत हवी. इमारतीच्या भिंतीचाच एक बाजू म्हणून वापर करायचा नाही, मध्ये चार बोटं फट ठेवायची आणि तिच्यावर वरून पत्रा किंवा फरशीचं झाकण. आणि बाहेरच्या बाजूची भिंत इमारतीकडच्या भिंतीपेक्षा दोन इंच खाली ठेवायची. सांडपाइप तुंबलाच तर पाणी आपोआप नालीच्या बाजूला ओसंडेल. बांधून झाल्यावर माती भरण्याआधी वाफा काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा, गच्चीला करतात तशी चाचणी. ओल कुठे दिसते ते तेव्हाच कळलं पाहिजे.

झाडं कुठली? चार महिने पाण्यात पाय आणि आठ महिने कोरडं, हे दोन्ही सोसणारी हवीत. कर्दळ बिनतक्रार जगते. स्पायडर लिली जगते. अळू लावा, उन्हाळ्यात पानं गेली तरी कंद जिवंत राहतात आणि मृगाच्या पावसाला पुन्हा फुटतात. पण या वाफ्यातल्या अळवाची भाजी करू नका. गच्चीवरची कबुतरं काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. वाळा फार सुचवला जातो. त्याची मुळं एवढी खोल आणि दाट जातात की भोकांचा पाइप गच्च होण्याची भीती आहे, म्हणून इथे मी तो टाळतो. पिंपळ-उंबराचं रोप दिसलं की त्याच दिवशी उपटायचं.

वाफ्याएवढीही जागा नसेल, तर हजार लिटरची काळी टाकी पाइपाखाली ठेवा आणि तळाचा नळ किंचित उघडा ठेवून द्या, मिनिटाला लिटरभर पडेल इतका. सर येते, टाकी भरते, सतरा-अठरा तासांत रिकामी होऊन पुढच्या सरीला तयार. नळ पूर्ण बंद करून पाणी साठवायचा मोह होतो. तसं केलं तर पुढच्या सरीला टाकी भरलेलीच असते आणि तिचा काही उपयोग नसतो. वर जाळी, आणि जादा पाणी नालीत.

प्लँटरचं ठरवण्याआधी मंजूर नकाशा काढून बघा. उंच इमारतींमध्ये अग्निशमनाच्या गाडीला फिरायला ही मार्जिन मोकळी ठेवावी लागते. तिथे वाफा बांधला तर तो पाडावाच लागेल, आणि लागलाच पाहिजे.

पायरी सातवी: मुरवायचं का, आणि कुठे

आता शोषखड्डा. इंग्लंडमधल्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शनात तो इमारतीपासून किमान 5 मीटर दूर ठेवायला सांगितलंय. आपली मार्जिनच 3 मीटर. म्हणजे बाजूच्या पट्ट्यात तो बसतच नाही, हे उत्तर इतकं सरळ आहे. जागा शोधायची ती फाटकाजवळ, बागेत, मोकळ्या कोपऱ्यात. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पावसाच्या पाण्याची साठवण किंवा पुनर्भरण करावंच लागतं, त्यामुळे नव्या इमारतींत असा खड्डा कुठेतरी असतो. बऱ्याचदा पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंतच तो चालू स्थितीत असतो, ते वेगळं.

जागा ठरली की मुरण्याची चाचणी. दोन-तीन फूट खोल खड्डा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पातळी तासाला किती उतरते ते काठीवर खुणा करून बघा. तासाला अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरत असेल तर तिथे शोषखड्डा म्हणजे जमिनीखालची डास पाळायची टाकी.

इथे मी स्वतः आपटलोय. काही वर्षांपूर्वी एका इमारतीच्या बाजूला, भिंतीपासून पाच फुटांवर चाचणीचा खड्डा घेतला. पाणी पाव तासात गायब. मी खूश, कमिटी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन बेसमेंटमध्ये बोलवायला आला. खांबाच्या मागच्या भिंतीवर ताजी ओल, आणि तिच्या खाली रेघ धरून पाणी. खाली कठीण काळा दगड होता. त्या दगडात कोरलेल्या खड्ड्यात इमारत उभी होती आणि बाजूची पोकळी भरावाची. तो भराव म्हणजे परातीतला भुसा. पाणी झपकन आत जातं, पण परातीच्या बाहेर जायला वाटच नसते. मग ते बेसमेंटच्या भिंतीतून वाट काढतं. तेव्हापासून भिंतीजवळचं पाणी फार पटकन मुरलं की मला आनंद होत नाही.

नदीकाठच्या भागात काळी माती असेल तर वेगळी पंचाईत. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेली हलकी बांधकामं, कंपाउंड वॉल, वॉचमनची खोली, तिच्याबरोबर हलतात. तिच्यात पाणी मुद्दाम सोडू नये. टेकडीच्या उतारावरचा मुरूम मात्र बऱ्यापैकी पाणी पितो.

जमिनीखालच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीपासून शोषखड्डा शक्य तितका लांब. टाकीच्या भिंतीला बारीक तडा असेल तर खड्ड्यातलं पाणी थेट नळाला येईल.

बोअरमध्ये पुनर्भरण करायचं असेल तर फक्त गच्चीचं पाणी, तेही गाळून, आणि पहिल्या एक-दोन पावसांचं धूळ-विष्ठा घेऊन येणारं पाणी बाहेर सोडून. पार्किंगचं, पेव्हरवरचं पाणी बोअरमध्ये कधीही नाही. त्यात ऑइल असतं, आणि खडकाच्या भेगांत एकदा गेलेली घाण कुणीच परत काढू शकत नाही. बेसाल्टमध्ये कुठला बोअर पाणी घेईल आणि कुठला नाही हे भेगांवर ठरतं, म्हणून भूजलाच्या जाणकाराचा सल्ला घ्या. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे.

पाणी झिरपणारे पेव्हर हवेत असं कुणीतरी म्हणेलच. कल्पना चांगली, पण आपण नेहमी बसवतो ते पेव्हर, खाली क्रश सँड आणि त्याखाली धुमसलेला मुरूम, हे जवळजवळ काँक्रीटइतकंच पाणी अडवतात. झिरपायचं असेल तर सांध्यात 2 ते 6 मिमीची बारीक खडी आणि खाली चाळलेली, भुकटी नसलेली खडी फूटभर. हा प्रकार भिंतीपासून दूर, फाटकाच्या बाजूला करा. आणि वर्षातून एकदा सांधे खरवडून खडी बदलायची तयारी ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत त्यावर शेवाळ.

पायरी आठवी: कोटेशन आणि काम

कोटेशन ‘एकरकमी’ घेऊ नका. पीसीसी चौरस मीटरवर, नाली आणि पाइप मीटरवर, चेंबर नगावर. त्यात उतार आकड्यात लिहून घ्या: ‘योग्य उतार’ या शब्दांना काही अर्थ नाही. शेवटचा हप्ता चाचणीनंतर. चाचणी म्हणजे टँकर बोलावून गच्चीच्या तोंडातून पाणी सोडणं आणि सगळ्या पट्ट्यात अर्ध्या तासाने कुठे डबकं राहतं ते बघणं. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि महापालिकेच्या पावसाळी लाइनला जोडायचं असेल तर तिची परवानगी, ही कागदं कामाआधी. मालमत्ता करात पर्जन्यजल संधारणासाठी सवलत मिळते का, तीही चौकशी त्याच फेरीत करून टाका.

खणायच्या आदल्या दिवशी गॅस, वीज आणि पाण्याच्या लाइनवर चुन्याने रेघा मारा. जेसीबी या पट्ट्यात आणू नका. पहार आणि फावडं. दोन दिवस जास्त लागतील.

पावसाळ्याभोवतीचं वेळापत्रक

मेच्या शेवटी गच्ची झाडणं, पाइपांच्या तोंडावरच्या जाळ्या, गाळाची चेंबरं, नाली. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर पुन्हा एकदा, कारण वर्षाचा पालापाचोळा तेव्हाच वाहून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरा दिवसांनी जाळ्या. परतीच्या पावसाचा जोर धसमुसळा असतो, म्हणून गणपतीनंतर एक फेरी चुकवू नका. त्या सुमाराला मांडवाचे खिळे, थर्माकोलचे तुकडे आणि निर्माल्य नालीत हमखास सापडतं. वाफ्यावर पाऊस थांबून दोन दिवसांनीही पाणी उभं दिसलं तर वरची दोन बोटं माती खरवडून काढा, तिथे बारीक गाळाची साय धरलेली असते. दिवाळीनंतर कर्दळ जमिनीलगत कापायची.

आणि पाइपांचा नकाशा, नीळ ओतून काढलेला खरा, लॅमिनेट करून वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. कुठल्या चेंबरला कुठला पाइप, कुठे टोपण, कुठली जाळी उचलायला पहार लागते. आमच्याकडे तो मीटर रूमच्या दारामागे आहे. प्लंबर आला की वॉचमन आधी त्याला तिथे नेतो, मग आम्हाला फोन करतो.